ती सुई एवढी जाड का असते?

रक्तदानाची सुई जाडच असते, उगाच कोणी "काही नाही रे, मुंगी चावल्यासारखं" म्हणून फसवू नये. आज नौपाड्यात मंडळाच्या शिबिरात शेजारच्या खाटेवरच्या कॉलेजच्या पोराने ती बघितली आणि थेट विचारलं, "मॅडम, याहून बारीक नाही का?"

टेक्निशियन ताई दंडाला पट्टा आवळत म्हणाल्या, "ही १६ नंबरची. रक्त तपासायला २१-२२ची वापरतो." नंबर वाढला की सुई बारीक, असा उलटा हिशोब! तपासणीला जेमतेम चमचाभर रक्त लागतं, इथे ३५० मिली काढायचं. नळीची त्रिज्या निम्मी केली तर प्रवाह १६ पटींनी घटतो (बारावीचं फिजिक्स एकदाचं कामाला आलं). रेंगाळलेलं रक्त नळीतच गोठायला लागतं. न गोठू देणारं द्रावण पिशवीत आधीच असतं, पण रक्त तिथवर वेळेत पोचायला हवं ना! आणि बारीक सुईतून जोर लावून खेचलं तर तांबड्या पेशी फुटायची भीती. मग ती पिशवी कोणाच्या कामाची?

पोराने तोंड फिरवलं आणि मूठ उघडमीट करत राहिला. पिशवी यंत्रावर डुलत होती, दहाएक मिनिटांत भरलीसुद्धा. मला विचाराल तर हिमोग्लोबिनसाठी बोटाला टोचतात ना, तेच जास्त झोंबतं.

उठल्याउठल्या पठ्ठ्याचा पुढचा प्रश्न, "बिस्किटांबरोबर चहा आहे ना?"