आमची वाटचाल : आठ कागद, बहात्तर पत्ते

म्हणी जुळवायच्या पत्त्यांचा आमचा पहिला कॅट कुडाळच्या घरी, जेवणाच्या टेबलावर तयार झाला. एका पत्त्यावर 'नाचता येईना', दुसऱ्यावर 'अंगण वाकडे'. अशा 36 म्हणी, म्हणजे 72 पत्ते. 63 बाय 88 मिलिमीटरचे नऊ पत्ते एका ए-फोर कागदावर बसतात, त्यामुळे आठ कागदांत खेळ पुरा व्हायचा. इंकजेट प्रिंटर, स्टीलची पट्टी, कटर आणि कोपरे गोल करायचा पंच, एवढंच भांडवल.

मे महिन्याच्या सुट्टीत भाची सलग जिंकायला लागली. विचारलं तर म्हणाली, "मावशी, 'अंगण वाकडे'च्या मागे डावीकडे पांढरी पट्टी दिसते ना!" खरंच दिसत होती. कागद उलटून दुसरी बाजू छापताना घरचा प्रिंटर तो मिलिमीटर-दोन मिलिमीटर सरकवतो, आणि पाठीवर आम्ही हौसेने चौकट काढली होती. चौकट असली की सरकलेलं लगेच डोळ्यांत येतं. पत्ता पाठीवरून ओळखता आला की खेळच संपला.

उत्तर सावंतवाडीच्या राजवाड्यात सापडलं. तिथे कारागीर अजून हाताने गंजिफा, म्हणजे जुन्या पद्धतीचे खेळायचे पत्ते, रंगवतात. दशावतारी गंजिफात दहा अवतारांची प्रत्येकी बारा, अशी 120 गोल पानं. पुढची बाजू बघत राहावी इतकी देखणी, पण मी हातात घेतलेल्या पानांची पाठ एकरंगी होती. घरी येऊन चौकट पुसली, पाठीला फिकट गेरूचा रंग दिला आणि तो कापायच्या रेषेबाहेर तीन-चार मिलिमीटर पसरवला. आता छपाई थोडी सरकली तरी कडेला पांढरं उरत नाही.

पावसाळ्याने मात्र फार छळलं. कोकणातल्या दमट हवेत जाड कागद वाकतो, दोन-दोन एकदम ओढले जातात, शाई लवकर वाळत नाही. कागद आता घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात असतो. जुलैत आम्ही छापतच नाही.

मागणी वाढल्यावर 500 कॅट बाहेरच्या प्रेसमध्ये दिले. तिथल्या संगणकावर 'ब्रह्मज्ञान'ची जोडाक्षरं फुटली आणि पाय मोडलेली अक्षरं तशीच छापून आली. शाळकरी मुलांच्या हातात असं मराठी देणं मला जमणार नव्हतं. सगळी खेप बाजूला ठेवली. त्यानंतर 'एक टाइप' या फाँट बनवणाऱ्या संस्थेचा 'मुक्त' फाँट घेतला, आणि मजकूर अक्षरांच्या आकृत्या करूनच पाठवते, म्हणजे अक्षरं चित्रासारखी जातात आणि दुसऱ्या संगणकावर फुटत नाहीत. शिवाय कागदावरचा नमुना स्वतः वाचल्याशिवाय छपाईला होकार देत नाही.

तरीही घरचा प्रिंटर हलवलेला नाही. 'चोराच्या' या पत्त्याला 'मनात चांदणे' लावायचं की 'उलट्या बोंबा', यावर एका संध्याकाळी मुलांची जुंपली. दोघंही बरोबर होते, चूक आमच्या निवडीची होती. त्याच रात्री एक म्हण बदलली, दोन नवे पत्ते छापून कापले आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा खेळून पाहिलं. प्रेसमध्ये छापून गेल्यावर हे सुचलं असतं तर? म्हणून नवा खेळ आधी घरी छापायचा, निदान महिनाभर पिसून खेळायचा, मगच प्रेसला द्यायचा.

सध्या मालवणी म्हणींचा कॅट घडतोय. रविवारी शेजारच्या आजींनी दोन म्हणींतले शब्द बदलायला लावले. ते पत्ते आज रात्री कापायचे आहेत.