फडक्यांनंतर उमाजी

मंगळवार, रात्र

आठवीचे पेपर तपासतेय. एका पोराने लिहिलंय, 'वासुदेव बळवंत फडके यांच्यानंतर उमाजी नाईकांनी इंग्रजांविरुद्ध बंड केले.' लाल पेन उचललं आणि हात तसाच राहिला. उमाजींना पुण्यात फाशी झाली १८३२ साली, फडक्यांचं बंड १८७९चं. पण ही चूक निम्मी माझी. फडके शिकवताना त्यांना साथ देणाऱ्या रामोश्यांचा विषय निघाला आणि मी बोलता बोलता मागे गेले, उमाजींची गोष्ट सांगत बसले. पोराच्या वहीत वर फडके, खाली उमाजी. परीक्षेत तोच क्रम इतिहासाचा झाला.

हात थांबला, कारण हुबेहूब हीच चूक मी गेल्या आठवड्यात बायबलमध्ये वाचली होती. निदान मला तरी ती तशी वाटते.

दिवाळीच्या सुट्टीत जोसीफस वाचायला घेतला होता. पहिल्या शतकातला, यरुशलेमच्या (जेरुसलेमच्या) यहुदी याजक घराण्यातला हा माणूस. रोमविरुद्धच्या युद्धात गालीलात सेनापती होता, इ.स. ६७ मध्ये शरण गेला, वेस्पासियनला 'तू सम्राट होशील' असं सांगून बसला, आणि तो खरंच झाल्यावर रोममध्येच राहून आपल्या लोकांचा इतिहास लिहीत राहिला. फितूर म्हणा, बखरकार म्हणा. युद्धाचा वृत्तांत सत्तरीच्या दशकातला. यहुद्यांचा जुना इतिहास, तब्बल वीस खंडांचा, पुरा झाला ९३-९४ साली. शाळेतल्या गणिताच्या सरांना हे सांगितलं तर दुसऱ्या दिवशी त्यांनी घरचं पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, आणून दिलं. म्हणाले, "बाई, प्रेषितांची कृत्ये वाचा सोबत. तुमच्या जोसीफसची माणसं भेटतील."

भेटली की. 'कृत्ये' म्हणजे येशूनंतर त्याच्या शिष्यांनी, प्रेषितांनी, काय केलं त्याची बायबलमधली हकिकत. लिहिणारा लूक.

पाचवा अध्याय. यरुशलेमच्या न्यायसभेत काटेकोर धर्मनियम पाळणाऱ्या परूशी पंथातले गमलियेल नावाचे वडीलधारे सांगतात, या प्रेषितांच्या वाटेला जाऊ नका. पूर्वी थुदास उठला होता, चारशेक माणसं त्याला मिळाली, तो मारला गेला आणि सगळं पांगलं. त्याच्यानंतर नावनिशीच्या, म्हणजे रोमी जनगणनेच्या, दिवसांत गालीलकर यहूदा उठला, त्याचंही तेच झालं.

आता जोसीफस. त्याच्याकडे थुदास येतो फादस हा रोमी सुभेदार असताना, म्हणजे ४४ ते ४६च्या सुमारास. लोकांना यार्देनकाठी घेऊन गेला, नदी दुभंगून वाट करून देतो म्हणाला. फादसने घोडदळ पाठवलं, थुदासचं मुंडकं यरुशलेमात आणलं. आणि गमलियेलचं भाषण चाललंय येशूनंतर थोड्याच वर्षांत! थुदास उठायला अजून दहाएक वर्षं आहेत. गालीलकर यहूदा तर त्याच्या कितीतरी आधीचा. क्विरीनिय या रोमी सुभेदाराची ती नावनिशी इ.स. ६ची.

मग लूकने 'त्याच्यानंतर' का लिहिलं? जोसीफसच्या विसाव्या खंडात थुदासचा प्रसंग संपतो, पुढचा सुभेदार येतो, दुष्काळाचा उल्लेख होतो, आणि हा सुभेदार याकोब आणि शिमोन या दोघांना क्रूसावर चढवतो. ही कोणाची मुलं? तर गालीलकर यहूदाची. जोसीफस लगेच खुलासा करतो, तोच यहूदा, ज्याने क्विरीनियच्या नावनिशीच्या वेळी लोकांना फितवलं होतं. म्हणजे काळात यहूदा आधी, पण पानावर नंतर, आणि मधे जेमतेम काही ओळी. लोकांना फितवण्यासाठी ग्रीकमध्ये दोघांनी क्रियापदही एकच वापरलंय. वर फडके, खाली उमाजी.

एवढ्यावर मी कोणाला कॉपीबहाद्दर ठरवणार नाही. वीस वर्षं पेपर तपासतेय, दोन पोरांची उत्तरं बरोबर असली तर त्यावरून काही कळत नाही. चुकांची जात बघावी लागते. म्हणून 'कृत्यां'तला मिसरी, म्हणजे इजिप्तचा, माणूस बघितला. एकविसाव्या अध्यायात रोमी सरदार पौल या प्रेषिताला विचारतो, चार हजार कट्यारवाल्यांना घेऊन रानात गेलेला मिसरी तो तूच ना? जोसीफसच्या युद्धवृत्तांतात इथे तीन वेगवेगळे परिच्छेद आहेत. पहिल्यात सणाच्या गर्दीत अंगरख्याखाली आखूड कट्यार लपवून खून करणारे लोक, हे शहरातले. दुसऱ्यात लोकांना रानात नेणारे भोंदू. तिसऱ्यात मिसरी, तीस हजार लोक जमवून जैतुनाच्या डोंगरावर आलेला. लूकच्या एका वाक्यात मिसऱ्याच्या मागे कट्यारवाले लागले आणि सगळे रानात गेले. तास ऐकलाय, वही मात्र समोर नाही, असं उत्तर. (तीस हजाराचे चार हजार कसे झाले यावर एक जुना तर्क आहे. ग्रीकमध्ये तीसचं अक्षर लॅम्डा, चारचं डेल्टा. लॅम्डाच्या पायाशी आडवी रेघ मारली की डेल्टा. गुणपत्रिका भरणाऱ्याला हा तर्क पटकन पटतो.)

जोसीफस म्हणतो असे भोंदू पुष्कळ होते, पण नावानिशी किंवा खुणेनिशी सांगतो थोडेच. लूकला नेमके त्यातलेच तिघे ठाऊक. १८९४ मध्ये माक्स क्रेंकेल नावाच्या जर्मन अभ्यासकाने यावर अख्खं पुस्तक लिहिलं होतं, वाद जुनाच आहे. लूकने जोसीफसचा हा शेवटचा भाग वाचला असेल तर 'कृत्ये' ९३-९४च्या आधीची असूच शकत नाहीत, आणि बरेच अभ्यासक ती ऐंशीच्या दशकातली धरतात. जोसीफसमधला तो येशूवरचा प्रसिद्ध परिच्छेद, नंतरच्या ख्रिस्ती हातांनी सजवलेला, त्याच्याबद्दल सगळे भांडतात. मला त्यात फारसा राम दिसत नाही.

बुधवार

सरांना मधल्या सुट्टीत सांगितलं. रागावतील असं वाटलं होतं. डबा उघडत म्हणाले, "थुदास दोन असतील हो बाई. तुमच्या वर्गात ओंकार किती आहेत?" चार आहेत. शिवाय हेरोद अग्रिप्पा या यहुदी राजाचं मरण जोसीफस आणि लूक दोघांनी सांगितलंय, कैसरियातलंच, पण तपशील निराळे. जोसीफसकडे चांदीचं वस्त्र, डोक्यावर घुबड, पाच दिवस पोटदुखी. लूककडे देवदूत आणि किडे. समोर पुस्तक ठेवून लिहिणाऱ्याने घुबड सोडलं असतं का? मी नसतं सोडलं. म्हणून मला वाटतं, लूकने ते वाचलं नसावं, ऐकलं असावं. तेव्हा ग्रंथ लोकांपुढे वाचून दाखवायचेच.

रात्री पुन्हा विसावा खंड काढला. थुदासला मिळालेल्या माणसांचा आकडा जोसीफस देतच नाही, 'पुष्कळ लोक' एवढंच. मग लूकचे चारशे कुठले? सत्तरेक परिच्छेद पुढे मिसऱ्याची गोष्ट परत येते. त्याची माणसं मारली गेली किती, तर चारशे.

चारशे हा गोल आकडा आहे, कुठेही येऊ शकतो. तरी पेन्सिलीने खूण केली. त्या पोराला पाचपैकी साडेतीन दिले. गठ्ठ्यात अजून एकवीस पेपर आहेत.