एक सोडून सगळे माग उलटे

चार दिवस आमची हातमागांवरची चित्रफीत उलटी चालत होती आणि ते कोणाच्याही लक्षात आले नव्हते. उलटी म्हणजे डोके खाली आणि पाय वर अशी नव्हे. आरशात दिसते तशी, डावे उजवीकडे आणि उजवे डावीकडे. उद्घाटनाला आलेली मान्यवर मंडळी, दोन वार्ताहर, चित्रकलेचे विद्यार्थी, समूहातले आम्ही पाच जण आणि आठ महिने ती चित्रफीत कापत-जोडत बसलेली मी स्वतः, यांपैकी कोणालाही ते कळले नाही. पाचव्या दिवशी दुपारी ते एका वृद्ध विणकराने सांगितले. सांगताना त्यांनी एक अपवादही दाखवून दिला, आणि तो अपवाद मला अजून पचलेला नाही.

मी कोलाज करते आणि काही वर्षांपासून व्हिडिओही करते. आमच्या समूहाने वर्षभरात नागपुरात तीन प्रदर्शने भरवली. पहिले भाड्याच्या सभागृहात झाले, जेथे भिंतीला खिळा मारायला मनाई होती आणि दिवे विझवायलाही. म्हणजे ना चित्र टांगता येते, ना व्हिडिओ दाखवता येतो, अशा जागेला कलादालन का म्हणतात हे मला कधीच उमगलेले नाही. दुसरे एका शाळेच्या सुटीतल्या वर्गात झाले. तिसरे, म्हणजे हे, इतवारीतल्या एका कापडाच्या रिकाम्या गोदामात, एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात. पाटीवर कोणा एकाचे नाव लावायचे नाही, सगळे काम समूहाचे, असा आमचा नियम आहे. तो मीच सुचवला होता, हे येथे नमूद करणे भाग आहे.

नागपूरच्या एप्रिलमध्ये कागदाचे प्रदर्शन भरवणे म्हणजे काय, हे बाहेरच्यांना सहज कळणार नाही. पत्र्याखालच्या गोदामात माणूस बसवायचा तर कूलर हवाच, आणि कूलर हा कागदाचा शत्रू आहे. माझे कोलाज गव्हाच्या खळीने चिकटवलेले असतात. बुकबाइंडर घालतात तसा मी त्या खळीत कसर लागू नये म्हणून चिमूटभर मोरचूद घालते. खळ शिजवताना ती पातेल्याची कड सोडू लागली की उतरवायची, गार होईपर्यंत ढवळत राहायचे आणि मग पंचातून गाळायची. गाठ राहिली तर ती वर्षभराने का होईना कागदातून डोके काढते. एवढे करूनही ओली हवा आली की कागद फुगतो, आणि तो सगळीकडून सारखा फुगत नाही. तंतूंच्या दिशेने तो फारसा वाढत नाही, आडवा मात्र वाढतो. त्यामुळे एकावर एक लावलेल्या दोन तुकड्यांचे तंतू एकमेकांना काटकोनात असतील तर त्यांच्यात ओढाताण सुरू होते आणि सुरकुती उठते. 1877 साली सुरू झालेल्या एम्प्रेस मिल या नागपूरच्या कापडगिरणीची जुनी छायाचित्रे आणि ठाणांवर चिकटवायच्या रंगीत चिठ्ठ्या घेऊन मी सात कोलाज केले होते. त्यांपैकी तीन दुसऱ्याच दिवशी पापडासारखे उठले. कूलर बंद केला की कोलाज बसायचे आणि प्रेक्षक उठायचे.

चित्रफीत चौदा मिनिटांची होती. तांडापेठ आणि पाचपावलीच्या भागात अजून चालू असलेल्या हातमागांवर मी ती टिपली होती. एका पडद्यावर दोन, तीन, कधी सहा चौकटी शेजारी शेजारी येतात, त्यांत माग, हात, पाय, सूत. कोलाजच, फक्त हलणारे. तिच्यात एकही अक्षर नव्हते. पाटी नाही, कॅलेंडर नाही, घड्याळ नाही. पडद्यावर अक्षर आले की माणूस बघायचे सोडून वाचू लागतो, असे माझे मत आहे आणि त्यामुळे मी अशा सगळ्या वस्तू चौकटीबाहेर ठेवल्या होत्या. हा माझा अभिमानाचा नियम पुढे मला चांगलाच महागात पडला, कारण त्यांतली एक जरी वस्तू दिसली असती तरी पहिल्या मिनिटाला चूक उघडी पडली असती. विणकर बहुतेक बनियनवर होते, आणि बनियनला खिसा नसतो; नाहीतर डावीकडचा खिसा उजवीकडे दिसला असता.

दुसरा अभिमान आवाजाचा होता. मी मागाच्या दोन्ही टोकांना, धोटा (आडवे सूत घेऊन उभ्या सुतांमधून ये-जा करतो तो) जाऊन आदळतो त्या पेट्यांपाशी, एकेक मायक्रोफोन बांधला होता. गोदामात पडद्याच्या दोन बाजूंना दोन स्पीकर ठेवले होते, म्हणजे धोटा डावीकडे गेला की ठोका डावीकडून यावा आणि उजवीकडे गेला की उजवीकडून. पाहणाऱ्याला आपण मागासमोर बसलो आहोत असे वाटावे, हा हेतू. भिंतीवर मी एक टिपणही लावले होते: जॉन के याने 1733 मध्ये इंग्लंडमध्ये धावत्या धोट्याचे पेटंट घेतले, त्यानंतर विणकराला धोटा हाताने फेकावा लागेना, एका हाताने दोरी ओढायची आणि दुसऱ्या हाताने आडवे सूत घट्ट बसवणारी फणी ठोकायची, असे काम वाटले गेले. कोणता हात काय करतो हे मी स्वतः लिहिले, स्वतः छापले, स्वतः चिकटवले, आणि त्या टिपणाच्या शेजारीच चार दिवस उलटे हात बघत उभी राहिले.

उलटे होण्याचे कारण अगदी क्षुल्लक होते. गोदाम लांबट, अरुंद. समोरून प्रकाश टाकला की प्रत्येक येणाऱ्याची सावली पडद्यावर पडे. म्हणून आम्ही मांजरपाटाचा पडदा लावून त्याच्या मागून प्रक्षेपण केले. मागून टाकलेले चित्र समोरून उलटे दिसते, म्हणून प्रोजेक्टरच्या मेनूत ‘फ्रंट’ऐवजी ‘रिअर’ निवडावे लागते. आदल्या रात्री मी ते निवडले होते. उद्घाटनाच्या सकाळी मेनूची भाषा कशी कोण जाणे चिनी झाली, आणि आमच्यातल्या एका उत्साही सहकाऱ्याने कोणालाही न विचारता प्रोजेक्टर कंपनीतून आला त्या अवस्थेत परत नेला. भाषा इंग्रजी झाली, चित्रही दिसू लागले आणि सगळे खूश झाले. यंत्र चालू झाले म्हणजे काम झाले, असे मानणारा एक तरी माणूस प्रत्येक समूहात असतो; आमच्याकडे असे दोघे आहेत.

पाचव्या दिवशी, रविवारी, दुपारी दोनच्या सुमारास प्रोजेक्टर तापून बंद पडला. बहुतेक प्रोजेक्टर 40 अंशांपर्यंतच्या हवेसाठी बनवलेले असतात, आणि पडद्यामागच्या आमच्या कोपऱ्यात बाहेरच्यापेक्षाही जास्त उकडत होते. तो निवेपर्यंत थांबण्याखेरीज इलाज नसतो; घाईने सुरू केला तर पुन्हा बंद पडतो. आत असलेली कॉलेजची मुले निघून गेली. गोदामाच्या चौकीदाराबरोबर आलेले एक काका मात्र बाकावर बसून राहिले. पांढरा सदरा, गांधी टोपी, हातात कापडी पिशवी. आयुष्यभर लुगडी विणली, आता डोळे साथ देत नाहीत म्हणून माग सोडला, असे चौकीदाराने सांगितले. पाऊण तास ते पडद्याच्या कापडाकडेच बघत होते. एकदा उठून त्यांनी मांजरपाट चिमटीत धरून पाहिला आणि काही न बोलता परत बसले.

चित्रफीत सुरू झाली. काकांनी ती अथपासून इतिपर्यंत पाहिली, जे आमच्या प्रदर्शनात फार थोड्यांनी केले होते. संपल्यावर म्हणाले, “ताई, हे माग उलटे चालून राहिले ना जी.”

मी त्यांना कोलाज म्हणजे काय ते समजावून सांगू लागले. वस्तू जशी असते तशी न दाखवता तिची नवी जुळणी करायची, वगैरे. ते आता आठवले की कानकोंडे व्हायला होते. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, “ते खरं हाय. पण धोटा इकडच्या पेटीत गेला अन् ठोका तिकडून आला. अन् दोरी डाव्या हातानं कोण ओढते? आमच्याइकडं तं सारे उजव्यानंच ओढते.” मग थोडे थांबून, “एक सोडून. ती जोडी येते ना, त्यातला खिडकीवाला तेवढा सीधा हाय.”

मी पडद्यामागे जाऊन मेनू उघडला. ‘फ्रंट’. ते ‘रिअर’ केले आणि चित्रफीत पुन्हा सुरुवातीपासून लावली. आठ महिने ज्यांच्यासमोर बसून काढले ते सगळे विणकर आपापल्या जागी परत आले आणि ठोके धोट्याच्या मागोमाग जाऊ लागले. चार दिवस मला नेमके काय खटकत नव्हते, हे मी स्वतःलाच विचारत होते. नवव्या मिनिटाला जोडी आली. काका म्हणाले, “आता बाकी सीधे झाले, अन् तो एक बिघडला.”

तो मी मुद्दाम उलटवला होता. त्या ठिकाणी दोन वेगवेगळ्या घरांतले दोन माग शेजारी येतात आणि एका मागातून सुटलेला धोटा जणू दुसऱ्या मागात शिरतो. अकरा सेकंदांचा तो सांधा म्हणजे त्या चित्रफितीतले माझे सर्वांत आवडते काम, आणि वार्ताहरांपैकी एकाने नेमके त्याचेच कौतुक छापले होते. सगळे चित्रच उलटे असल्यामुळे मी उलटवलेला तो एकटा विणकर चार दिवस सुलटा दिसत होता, आणि चूक दुरुस्त होताच तो उघडा पडला.

“कायले केला उलटा?” काकांनी विचारले. धोटा इकडून तिकडे जावा म्हणून, मी म्हणाले. “धोटा तं परत येतेच ना, ताई. एक फेर थांबायचं होतं.”

हे इतके साधे होते की मला उत्तर सुचले नाही. धोटा एका फेरीत डावीकडे जातो, दुसरीत उजवीकडे. दिशा बदलण्यासाठी चित्र उलटवायची गरजच नव्हती, दुसरी फेरी निवडली असती तरी भागले असते. खरे कारण वेगळे होते. त्या घरातली खिडकी उलटवल्यावर बरोबर सांध्यावर येत होती आणि दोन्ही चौकटींच्या मध्ये उजेडाची एक पट्टी उभी राहत होती. धोटा हे मी लोकांना सांगायचे कारण होते.

काका उठता उठता म्हणाले, “उद्या एखादा पोट्टा हे पाहून माग शिकला तं?” मी म्हणाले, हे पाहून कोणी माग शिकणार नाही, काका. ते म्हणाले, “मंग काढलं कायले?” त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. पिशवी उचलून ते चौकीदाराबरोबर चहाला गेले.

या प्रश्नाशी माझे भांडण अजून चालू आहे, कारण त्याची दोन्ही उत्तरे मी वेगवेगळ्या ठिकाणी देऊन बसले आहे. निधीसाठी केलेल्या अर्जात मी या कामाला ‘मावळत्या व्यवसायाचा दस्तऐवज’ म्हटले होते, कारण अर्ज वाचणाऱ्यांना तो शब्द आवडतो. आणि खोटे कशाला बोला, मलाही आवडतो. काकांसमोर मात्र मी चटकन कोलाजच्या आडोशाला गेले. अर्जात दस्तऐवज आणि वादात कोलाज. छापील छायाचित्र कापताना कात्रीची कड दिसते, त्यामुळे पाहणाऱ्याला कळते की येथे कोणीतरी कापले आहे. चित्र आरशासारखे फिरवले की कड कोठेच दिसत नाही. एका माणसाचा उजवा हात मी डावा केला, आणि त्या माणसाला ते विचारलेही नाही.

त्या रात्री समूहाची बैठक झाली. एकाने सांगितले, आहे तसेच राहू द्या, कलाकाराला तेवढी मुभा असते. दुसऱ्याने सुचवले, एक टीप लावा. मेनू बदलणाऱ्या सहकाऱ्याचे मत असे पडले की त्याच्यामुळेच तर हे सगळे उजेडात आले. मला तो शॉट लगेच बदलायचा होता, पण काम समूहाचे आहे, एकटीने बदलता येणार नाही, असे मला माझ्याच नियमाने सुनावण्यात आले. उरलेले तीन दिवस आम्ही सगळे माग सुलटे आणि एक उलटा, असेच दाखवले. काका पुन्हा आले नाहीत. मी चौकीदाराकडे निरोप ठेवला होता.

पुढचे प्रदर्शन पावसाळ्यात आहे आणि चित्रफीत या शुक्रवारी पाठवायची आहे. मी घरी काकांच्या सांगण्याप्रमाणे एक फेर पुढे सरकून ती जोडी पुन्हा जुळवली. धोटा अगदी अचूक जातो, ठोका जिकडून यायचा तिकडून येतो, दोघांचेही उजवे हात दोरीवर आहेत. खिडकी मात्र पार दुसऱ्या टोकाला गेली आहे आणि दोन मागांच्या मध्ये जेथे उजेड होता तेथे आता काळोख दिसतो. काल रात्री दोन्ही जोडण्या मी भिंतीवर टाकून आलटून पालटून पाहिल्या. हार्ड डिस्कवर दोन्ही आहेत, आणि बुधवार उजाडला आहे.