चौऱ्याऐंशीचा फेरा

आमच्या फ्रिजवर लिंबाच्या आकाराच्या चुंबकाखाली एक तक्ता लटकतोय. इटलीत तोरिनोला राहायला आल्यावर पहिल्याच महिन्यात मी तो हाताने लिहून काढला. इटालियन क्रियापद एकच, 'पार्लारे', म्हणजे बोलणे. लिहून झाल्यावर हिशेब केला. इंदिकातीवो, म्हणजे आपल्या व्याकरणातला स्वार्थ, त्याचे काळ ८. प्रत्येक काळात मी, तू, तो, आम्ही, तुम्ही, ते अशी ६ रूपं, म्हणजे ४८. कोंजुंतीवो, म्हणजे शंका आणि इच्छा सांगणारा अर्थ, त्याचे ४ काळ, २४ रूपं. कोंदित्सियोनाले, म्हणजे संकेतार्थ, त्याचे २, रूपं १२. एकूण ८४. आज्ञार्थ आणि धातुसाधितं अजून बाहेरच उभी होती. मी पेन खाली ठेवलं. चौऱ्याऐंशी लक्ष योनी फिरल्यावर मनुष्यजन्म मिळतो, असं आजी सांगायची. इथे चौऱ्याऐंशी रूपं फिरल्यावर कोपऱ्यावरच्या दुकानात पाव मागता येणार होता.

आपल्याकडे शाळेत धातू 'चालवतात'. गच्छति, गच्छतः, गच्छन्ति. इटालियन लोक क्रियापदाला जुंपतात. 'कोन्युगारे' हा शब्द लॅटिनमधल्या 'यूगुम'वरून आला, आणि ते यूगुम, संस्कृतातलं युग आणि बैलाच्या मानेवरचं आपलं जू ही सगळी एकाच घरातली मंडळी. नवरा-बायकोला इटालियनमध्ये म्हणतात 'कोन्युजी', एका जुवाखालचे दोघे. मी मोठ्या उत्साहाने हे नवऱ्याला सांगायला गेले. तो म्हणाला, "हे कळायला इटालियन कशाला हवं होतं?"

सुरुवातीला सगळ्यांना रडवतं ते 'एस्सेरे', असणे. वर्तमानात 'सोनो' आणि भूतकाळात एकदम 'फुई'. ही सख्खी भावंडं वाटतच नाहीत, आणि नाहीतही. दोन वेगळ्या धातूंचा एक संसार आहे तो, आणि त्यातला 'फू' आपल्या 'भू'चा नातलग. वर्गात सगळे उसासे टाकत होते तेव्हा मला आहे, होते, असेन, नव्हते ही आपली वरात आठवत होती. जातो आणि गेला यांचं तरी तोंड कुठे जुळतं? 'वादो' म्हणजे मी जाते आणि 'अंदियामो' म्हणजे आम्ही जातो, यावर मराठी माणसाने तक्रार करायची सोयच नाही.

माझी खरी चैन झाली ती भूतकाळात. जाणे-येणे अशा क्रियापदांत कर्त्याचं लिंग दिसतं. मी 'सोनो अंदाता', नवरा 'सोनो अंदातो'. मी गेले, तो म्हणतो मी गेलो. त्यापुढची गंमत कर्माची. सफरचंदाला इटालियनमध्ये 'मेला' म्हणतात, आणि तो मेला नसून ती मेला आहे. ती खाल्ली का, तर 'लो मांजाता'. पाव पुल्लिंगी, तो खाल्ला का, तर 'लो मांजातो'. कर्माच्या जागी सर्वनाम आलं आणि ते क्रियापदाच्या आधी बसलं, की खाणारा कोण हे क्रियापद विसरतं आणि खाल्लेल्याच्या मागे जातं. माझ्या शेजारी बसणारा इंग्रज गृहस्थ हे ऐकून हतबुद्ध झाला. त्याचं म्हणणं, खाल्लं मी, मग सफरचंदाचं स्त्रीत्व मध्ये का? मी पोळी खाल्ली, आंबा खाल्ला, पोहे खाल्ले करत वाढलेली. बाईंनी माझं कौतुक केलं. मी काहीच केलं नव्हतं.

बोलताना मात्र फजिती झालीच. पहिल्यांदा एकटी कॉफी प्यायला गेले. काउंटरमागचा म्हाताराबाबा म्हणाला, "दीका!" शब्दशः 'बोलावं', आणि सूर अगदी आपल्या दुकानदाराच्या 'बोला!'चा. मी घोकून गेले होते ते म्हटलं, "वोलेवो उन काफ्फे." कॉफी हवी होती. त्याने भुवया वर केल्या. "वोलेवा? म्हणजे आता नकोय?" मी कानापर्यंत लाल. चुकलंच काळाचं काहीतरी! मागाहून कळलं की हा विनोद इटलीतल्या काउंटरांवर पिढ्यान् पिढ्या शिळा होत आलाय, आणि माझं काहीच चुकलं नव्हतं. मागणं जरा मागे ढकलून भूतकाळात ठेवलं की ते अंगावर येत नाही. 'जरा एक पेन हवं होतं', 'तुमच्याशी थोडं बोलायचं होतं' असं आपण म्हणतो ते पेन काल हवं होतं म्हणून थोडंच?

भविष्यकाळाचंही तसंच. दारावरची बेल वाजली की इटालियन माणूस म्हणतो, 'सारा इल पोस्तीनो.' पोस्टमन असेल. पोस्टमन या क्षणी दारात उभा आहे, तरी क्रियापद भविष्यातलं.

मग आला कोंजुंतीवो. यापुढे परदेशी लोक टेकीला येतात, आणि खुद्द इटालियन लोकही त्याच्यावरून एकमेकांची लायकी काढतात. मला वाटतं, मला शंका आहे, देव करो आणि, असं काही म्हटलं की पुढचं क्रियापद रूप बदलतं. तो आजारी आहे, 'ए'. पण मला वाटतं तो आजारी असावा, 'सिया'. त्या 'असावा'पाशी माझी गाडी रुळावर आली. 'व्हिव्हा ल इतालिया' या घोषणेतलं व्हिव्हासुद्धा कोंजुंतीवोच, आपल्या 'चिरायू होवो'सारखं. लाभो, राहो, होवो ही रूपं आपण लग्नपत्रिकेसाठी आणि वाढदिवसासाठी राखून ठेवलीत. ते बिचारे मत मांडायलाही तीच वापरतात.

अदबीने बोलायचं तर आज्ञाही कोंजुंतीवोतच करतात. 'वेंगा', 'सि अक्कोमोदी'. यावं, बसावं. बाईंनी फळ्यावर हे लिहिलं आणि मला एकदम पानाच्या तबकाचा वास आला. इथे समोरच्याला मान द्यायचा तर 'लेई' म्हणतात, म्हणजे चक्क 'ती'. मिशाळ पोलिसालाही तीच. वर्गात खसखस पिकली. कारण असं की हे 'ती' मूळच्या 'आपली सिन्योरिया' अशा स्त्रीलिंगी बिरुदाऐवजी यायचं. यात हसण्यासारखं काय ते मला कळेना. महाराजांची स्वारी आली, असं आपण म्हणतोच की. पणजीच्या तोंडी पणजोबाही स्वारीच होते. मुसोलिनीच्या सरकारला मात्र ही लेई खटकली. १९३८मध्ये तिच्यावर बंदी घालून सगळ्यांनी 'वोई', म्हणजे 'तुम्ही', म्हणावं असं फर्मान निघालं. युद्ध संपलं, मुसोलिनी गेला, लेई परत आली.

बोलीत मात्र कोंजुंतीवोला लोक बगल देतात. 'मला कळलं असतं तर मी आले असते' हे नीट म्हणायचं तर 'से लो अवेस्सी साप्पूतो, सारेई वेनूता', श्वास पुरवून बोलायला हवं. बसस्टॉपवर ऐकू येतं, 'से लो सापेवो, वेनीवो.' साधा इंपेर्फेत्तो, म्हणजे अपूर्ण भूतकाळ, दोनदा मारला, काम झालं. यातलं पीठ कुठलं आणि कोंडा कुठला हे पाहायला फ्लोरेन्सला १५८३ सालापासून एक अकादमी आहे. तिचं नावच 'क्रुस्का', म्हणजे कोंडा, आणि बोधचिन्ह पीठ चाळण्याचं यंत्र. एवढ्या विद्वान मंडळींनी स्वतःला कोंडा म्हणवून घ्यावं, हे मला त्यांच्या शब्दकोशाइतकंच आवडतं.

तक्त्यात एक ओळ मी कधी वापरली नाही, 'त्रापास्सातो रेमोतो', दूरच्या भूतकाळाच्याही आधीचा भूतकाळ. जुन्या गोष्टींच्या पुस्तकात क्वचित भेटतो. 'त्रापास्सातो'चा एक अर्थ दिवंगत असाही आहे. काळ या शब्दाला यमाचा वास आपल्याकडेच येतो असं नाही.

त्याच्याच शेजारचा 'पास्सातो रेमोतो', दूरचा भूतकाळ. बाईंनी बजावलं होतं, हा काळ गारिबाल्दीसाठी, म्हणजे इटली एक करणाऱ्या सेनानीसाठी. गारिबाल्दी १८६०मध्ये सिसिलीतल्या मार्सालाला उतरला, तिथे तो शोभतो. सकाळी भाजी आणली हे सांगताना वापरलात तर लोक हसतील. मी तोरिनोच्या रिवाजाप्रमाणे तो घडी घालून ठेवून दिला.

आणि वरच्या मजल्यावरच्या आजींशी ओळख झाली. मूळच्या सिसिलीच्या. साठच्या दशकात दक्षिणेतून हजारो कुटुंबं इथल्या कारखान्यांत कामाला आली, त्यांतलं त्यांचं एक. जिन्यात पहिल्यांदा भेटल्या तेव्हा माझ्या हातातल्या पिशवीकडे बघत त्यांनी विचारलं, "मांजास्ती?" मी क्षणभर गोंधळले. हा तर गारिबाल्दीचा काळ! इथे सगळे 'आय मांजातो?' विचारतात. मग कानात शब्द उतरला. जेवलीस? आजींच्या बोलण्यात सकाळी आलेला प्लंबर आणि मार्सालाला उतरलेला गारिबाल्दी एकाच काळात राहतात, आणि माझ्याही. प्लंबर आला, गारिबाल्दी उतरला. त्यानंतर त्यांच्याशी बोलताना मी मनातल्या मनात उलथापालथ करणं सोडून दिलं.

एका दुपारी त्या शेंगा सोलत आईबद्दल बोलत होत्या. 'सि आल्त्सावा', 'इंपास्तावा', 'कांतावा'. सगळा इंपेर्फेत्तो, एकदा घडून संपलेलं त्यात काहीच नाही. घरी येऊन मी ते मराठीत लिहू लागले. उठायची, मळायची, गायची. ठीक होतं, पण काहीतरी राहत होतं. मग हात आपोआप लिहून गेला, आई पहाटे उठे, पीठ मळी, गाणी गाई. रीतिभूतकाळ! मोरो केशव दामल्यांनी १९११च्या व्याकरणात ज्याला ई-आख्यात म्हटलं, शाळेत ज्याच्यावर दोन गुणांचा प्रश्न यायचा आणि पेपर झाल्यावर ज्याच्याकडे मी ढुंकून पाहिलं नाही, तो. माझ्या बोलण्यातून तो कधी गेला कळलंही नाही.

आजी सांगे, चौऱ्याऐंशी लक्ष योनी.

त्या रात्री एक कोरा कागद घेऊन 'करणे' चालवायला बसले. करतो, करते, करतं. पहिल्याच ओळीत तीन लिंगं आल्यावर कागद आडवा करावा लागला. करी, करायचा, केला, केली, केलं, केले, केल्या, करीन, करू, करावं, करो, करता, केलं असतं. नव्वदीच्या आसपास मोजणं सोडून दिलं. आता लिंबाच्या चुंबकाखाली दोन कागद आहेत आणि चुंबक दोन्ही पेलत नाही, सारखा घसरतो. परवा आजी वाटीभर काही घेऊन आल्या आणि खाली पडलेला कागद त्यांनीच उचलला. देवनागरी अक्षरं उलटसुलट करून पाहिली.

"हे काय?"

"बोलायचं कसं, ते," मी म्हटलं. "वेंगा, सि अक्कोमोदी."

त्या बसल्या, वाटी पुढे केली आणि विचारलं, "मांजास्ती?"