आग जहाजाला लागली, माझा माल नीट आहे, मग पैसे मी का भरू?

हा प्रश्न मला भोसरीच्या एका वर्कशॉपवाल्या दादांनी फोनवर विचारला होता. काही वर्षं झाली त्याला, पण तो आवाज अजून कानात आहे. मी न्हावा शेवाला येणाऱ्या-जाणाऱ्या मालाच्या कागदपत्रांचं काम करते, बिल ऑफ लेडिंग (जहाजाने माल घेतल्याची पावती), इन्व्हॉइस, डिलिव्हरी ऑर्डर, सगळा दिवस ह्यातच जातो. दादांचा एकच वीस फुटी कंटेनर होता, जर्मनीहून मशीनचे पार्ट, ३२ लाखांचा माल. वाटेत जहाजाच्या एका होल्डमध्ये, म्हणजे माल ठेवायच्या पोटातल्या कप्प्यात, आग लागली, ती कशीबशी विझवली, टग म्हणजे ओढणारी बोट लावून जहाज एका बंदरात ओढत नेलं आणि तिथून वाचलेले कंटेनर दुसऱ्या जहाजाने इकडे आणले. दादांच्या कंटेनरला धगसुद्धा लागली नव्हती, सील जसंच्या तसं. आणि हातात पत्र आलं, जनरल ॲव्हरेज डिक्लेअर झालंय, मालाच्या किमतीच्या २० टक्के डिपॉझिट भरा, तोवर माल मिळणार नाही. म्हणजे ६ लाख ४० हजार रुपये.

"अहो ताई, आग त्यांच्या जहाजाला लागली ना? माझा माल तर धड आहे. मग मी काय पाप केलं?"

मी तेव्हा जे सांगितलं ते घाईघाईत सांगितलं, नीट समजावता आलं नाही, म्हणून आज सविस्तर लिहितेय. कारण दादांसारखे खूप जण आहेत, ज्यांना हा शब्द पहिल्यांदा त्या पत्रातच दिसतो.

आधी हिशोब बघू. समजा एक गलबत आहे ५० लाखांचं. त्यात तीन व्यापाऱ्यांचा माल, कापड ३० लाखांचं, मसाला १० लाखांचा, कांदा १० लाखांचा, म्हणजे सगळं मिळून १ कोटी. वादळात गलबत बुडायला आलं, तांडेलाने ठरवलं की वजन कमी केल्याशिवाय कोणीच वाचत नाही, आणि वरचा कांदा समुद्रात फेकून दिला. गलबत वाचलं, कापड वाचलं, मसाला वाचला. आता कांदेवाल्याने काय करायचं, नशिबाला बोल लावत घरी जायचं? त्याचा माल गेला म्हणून तर बाकीच्यांचा राहिला. तर नियम म्हणतो, नुकसान १० लाखांचं आणि एकूण मालमत्ता १ कोटीची, म्हणजे प्रत्येकाने आपल्या मालमत्तेच्या १० टक्के द्यायचे. गलबताचा मालक ५ लाख, कापडवाला ३ लाख, मसालेवाला १ लाख. आणि कांदेवाल्याच्या वाट्यालासुद्धा १ लाख येतात, म्हणजे त्याला हातात ९ लाख मिळतात, पूर्ण १० नाहीत. मला ही शेवटची गोष्ट फार आवडते. ज्याचं गेलं तोही बाकीच्यांइतकाच सोसतो, कोणी जास्त नाही कोणी कमी नाही.

ह्यालाच जनरल ॲव्हरेज म्हणतात. इथे ॲव्हरेज म्हणजे नुकसान, आणि मूळ शब्द अरबीतून आलाय, बिघडलेल्या मालासाठीचा. आपण शाळेत जी सरासरी काढतो, ते ॲव्हरेज ह्या बंदरातल्या वाटणीवरूनच पुढे आलं.

नियम किती जुना असावा? जस्टिनियनने ५३३ साली रोमन कायद्याचा जो मोठा संग्रह काढला त्यात ह्याचं एक अख्खं प्रकरण आहे आणि तिथेही हा ऱ्होड्स बेटाचा कायदा म्हणून सांगितलाय, म्हणजे तेव्हासुद्धा तो जुनाच. जहाज हलकं करायला माल फेकला तर जे सर्वांसाठी दिलं ते सर्वांनी मिळून भरून द्यायचं, एवढं साधं. आणि बारकावे किती! प्रवाशांच्या अंगावरचे कपडे आणि अंगठ्यासुद्धा हिशोबात धरायच्या, पण खायला घेतलेलं सामान धरायचं नाही, आणि स्वतंत्र माणसाच्या शरीराची किंमत लावता येत नाही म्हणून माणसांवर वर्गणी नाही. आता जगभर यॉर्क-अँटवर्प नियम चालतात, १८६४ ला यॉर्कमध्ये आणि १८७७ ला अँटवर्पमध्ये बसून ठरवलेले, नंतर बऱ्याच वेळा बदलले, शेवटचे २०१६ चे. आपल्याकडे १९६३ च्या सागरी विमा कायद्यात कलम ६६ ह्याचंच आहे.

पण प्रत्येक नुकसान वाटलं जात नाही हां. धोका खरा पाहिजे, सगळ्यांवरचा पाहिजे, आणि नुकसान मुद्दाम, विचार करून, सगळ्यांना वाचवायला केलेलं पाहिजे. लाट आत आली आणि तुमचं कापड भिजलं तर ते तुमचं तुम्ही बघा. आगीत हे फार विचित्र दिसतं. एकाच होल्डमध्ये शेजारी शेजारी दोन खोकी, एक जळून गेलं, दुसरं आग विझवायला मारलेल्या पाण्याने भिजून गेलं. जळालेलं ज्याचं त्याचं, भिजलेलं सगळ्यांचं, कारण पाणी माणसाने मारलं, सगळ्यांसाठी मारलं. धुराने आणि उष्णतेने खराब झालं तर मात्र वाटणीत येत नाही. दादांच्या पत्राबरोबर जो जाडजूड कागदांचा गठ्ठा होता तो वाचताना मला हे पहिल्यांदा नीट कळलं आणि मी दोनदा वाचलं.

मालच नाही, खर्चसुद्धा वाटला जातो. टगचा, आसऱ्याच्या बंदराचा, कधी कधी खंडणीचासुद्धा. लाँगचँप नावाचं जहाज जानेवारी २००९ मध्ये एडनच्या आखातात सोमाली चाच्यांनी धरलं, त्यांनी मागितले ६० लाख डॉलर, मालक ५१ दिवस घासाघीस करत बसले आणि १८ लाख ५० हजारांवर सौदा ठरला. खंडणी तर वाटणीत आलीच, पण त्या ५१ दिवसांचा खलाशांचा पगार आणि इंधन ह्यावरून वाद २०१७ पर्यंत ब्रिटनच्या सुप्रीम कोर्टात गेला, आणि कोर्ट म्हणालं तोही खर्च सगळ्यांत वाटायचा, कारण घासाघीस केली म्हणून तर एवढे पैसे वाचले.

एव्हर गिव्हन सगळ्यांना आठवतं, २३ मार्च २०२१ ला सुएझमध्ये आडवं झालं ते. खलाशी २५, सगळे भारतीय, वर साधारण १८ हजार कंटेनर. २९ तारखेला सुटलं तेव्हा टीव्हीवाल्यांनी विषय संपवला, पण मालवाल्यांचा तिथून सुरू झाला. जहाजाच्या मालकाने जनरल ॲव्हरेज जाहीर केलं, कालव्याच्या प्राधिकरणाने भरपाईसाठी जहाज अडवून ठेवलं, आणि ७ जुलैपर्यंत ते तिथेच तलावात उभं. त्याआधी ६ मार्च २०१८ ला अरबी समुद्रात मार्स्क होनामला आग लागली, पाच खलाशी गेले. तिथे मालवाल्यांकडे जी हमी मागितली तिचा आकडा वाचून मी हबकले होते. सॅल्व्हेजचे, म्हणजे जहाज आणि माल वाचवणाऱ्यांच्या मोबदल्याचे, ४२.५ टक्के आणि जनरल ॲव्हरेजचे ११.५ टक्के, म्हणजे मालाच्या किमतीच्या ५४ टक्के. माल धड असलेल्यांनासुद्धा! ज्याचा विमा आहे त्याची कंपनी एक गॅरंटीचा कागद देते, आपण बाँडवर, म्हणजे वाटा भरू अशा हमीपत्रावर, सही करतो, इन्व्हॉइसची कॉपी जोडतो, माल सुटतो. ज्याचा विमा नाही त्याला रोख भरावे लागतात. किती जणांकडे मालाच्या किमतीचा अर्धा पैसा असा रोख पडून असतो?

दादांनी माल एफओबीवर घेतला होता, म्हणजे जहाजावर चढल्यापासून जोखीम त्यांची, विमा त्यांनी काढायचा. नव्हता काढला. चार-पाच हजार वाचवले. कार्गो विम्याचे ए, बी, सी तिन्ही क्लॉज जनरल ॲव्हरेज भरतात, सगळ्यात स्वस्त सी सुद्धा, म्हणून मी प्रत्येकाला हात जोडून सांगते की काहीच नाही तर निदान सी तरी घ्या.

आता दादांचा खरा राग, चूक जहाजाची असेल तर? हा राग अगदी रास्त आहे. सीएमए सीजीएम लिब्रा नावाचं जहाज मे २०११ मध्ये चीनच्या शियामेन बंदरातून निघताना गाळात बसलं. नकाशातल्या खोलीवर चॅनलच्या, म्हणजे जहाजांच्या ठरलेल्या वाटेच्या, बाहेर विश्वास ठेवू नका अशी सूचना आधीच निघालेली, पण ती प्रवासाच्या आखणीत कोणी उतरवलीच नव्हती. मालकांनी साधारण १ कोटी ३० लाख डॉलर वाटणीला लावले, ९२ टक्के मालवाल्यांनी भरून टाकले, ८ टक्के अडून बसले. दहा वर्षं लढले. नोव्हेंबर २०२१ मध्ये ब्रिटनच्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं की प्रवासाची आखणीच सदोष, म्हणजे जहाज निघतानाच प्रवासाला योग्य नव्हतं, हे लोक काही देणं लागत नाहीत. वाचून बरं वाटलं, पण दहा वर्षं लंडनमध्ये वकील लावायचा तर मागे मोठी विमा कंपनी पाहिजे. एकट्या वर्कशॉपवाल्याला ते कुठून जमणार? हे मला खरंच खुपतं. नियम न्यायाचा आहे, पण त्यातली भांडायची ताकद विम्याबरोबरच येते.

दादांनी शेवटी पैसे भरले, मेव्हण्याकडून घेऊन. तोवर सीएफएसचं (बंदराबाहेरचं कंटेनर ठेवायचं गोदाम) जागाभाडं आणि कंटेनर वेळेत परत न दिल्याचं डिटेंशन चढतच होतं, ते वेगळं. मग तीन वर्षांनी ॲडजस्टरचा, म्हणजे ही वाटणी मांडणाऱ्याचा, अंतिम हिशोब आला, शेकडो पानांची फाइल, पान पान भरून नुसत्या ओळी, प्रत्येक ओळीत एक बिल ऑफ लेडिंग, किंमत, वाटा. दादांचा वाटा निघाला १४ टक्के, ४ लाख ४८ हजार, उरलेले १ लाख ९२ हजार परत. ते ऑफिसला आले होते, आम्ही दोघांनी स्क्रीनवर त्यांची ओळ शोधली. मला वाटलं बघून उठतील, पण ते म्हणाले, ताई, ते पाण्याने कोणाचं गेलं ते दाखवा ना. मी मागची पानं उघडली. कोणाचे तरी कागदाचे रोल होते, दोन कंटेनर, पूर्ण भिजलेले, आणि पुढे भरपाईची रक्कम. दादांनी चष्मा पुसून तो आकडा वाचला, मग विचारलं, "त्याला हे मिळाले ना पण?"

मिळाले, म्हटलं.