शून्य टक्के साम्य

माझ्या पीएच.डी.च्या प्रबंधाचा प्लॅजरिझम रिपोर्ट, म्हणजे मजकूर दुसऱ्या कुणाचा उचललेला नाही ना याच्या संगणकी तपासणीचा अहवाल, पहिल्यांदा हातात आला तेव्हा त्यावर ठळक आकडा होता, शून्य टक्के. विद्यापीठाच्या पायऱ्या उतरता उतरताच नवऱ्याला फोन केला आणि येताना पेढे आणायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी तो कागद माझ्या मार्गदर्शक मॅडमपुढे ठेवला. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, कागद डोळ्यांजवळ नेला आणि म्हणाल्या, "अगं, शून्य कुणालाच येत नाही. मलासुद्धा येणार नाही. यंत्राने वाचलेलंच नाही हे."

पण आधी इथवर कशी आले ते सांगते.

मी तालुक्याच्या गावी एका महाविद्यालयात ग्रंथपाल आहे. पीएच.डी. ग्रंथालय व माहितीशास्त्रात, विषय आमच्या भागातली गावोगावची सार्वजनिक ग्रंथालयं. 'संशोधन केंद्र' म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे काचेची इमारत येते. आमचं केंद्र म्हणजे विद्यापीठाने मान्यता दिलेल्या एका कॉलेजात, ग्रंथालयाच्या मागच्या अंगाची एक खोली. सहा टेबलं, एक प्रिंटर आणि जुन्या प्रबंधांचं एक लोखंडी कपाट, ज्याची किल्ली कायम शिपाईमामांच्या खिशात. पण मार्गदर्शक मिळणं, हजेरी, दर सहा महिन्यांचा प्रगती अहवाल, सगळं याच खोलीतून चालायचं.

2018 ला 'पेट' म्हणजे पीएच.डी.ची प्रवेश परीक्षा दिली. निम्मे प्रश्न संशोधन पद्धतीवर, निम्मे विषयावर. ती निघते हो, अभ्यास केला की. खरी अडचण पुढे असते. मला तेव्हा लागू असलेले नियम यूजीसीचे, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचे, 2016 चे. त्यानुसार प्राध्यापकाकडे एका वेळी पीएच.डी.चे 8 विद्यार्थी, सहयोगी प्राध्यापकाकडे 6, सहायक प्राध्यापकाकडे 4. आमच्या विषयात मुळात गाइड मोजके, त्यात सगळ्यांच्या जागा भरलेल्या. यादी पुढ्यात घेऊन एकेकाला फोन लावत बसले. मॅडमकडचा एक विद्यार्थी त्याच महिन्यात प्रबंध सादर करणार होता, म्हणून माझा नंबर लागला.

मग आरआरसी, म्हणजे संशोधनाच्या विषयाला मान्यता देणारी विद्यापीठाची समिती. दहा मिनिटांत आराखडा मांडायचा. समितीतल्या एका सरांनी विचारलं, "मराठीतच का लिहिताय? इंग्रजीत लिहिलंत तर बाहेर वाचलं जाईल." मी म्हटलं, "सर, ज्यांच्यावर लिहितेय त्यांना तरी वाचता यावं." सर हसले, परवानगी मिळाली, पण शीर्षकातला 'वाचनसंस्कृती' हा शब्द काढायला लावला. मोजता येत नाही म्हणे. तेव्हा राग आला होता. आता वाटतं, बरोबर होतं त्यांचं. इथे एक सांगून ठेवते: मान्यतेच्या पत्रावर शीर्षक जसं छापून येतं, अगदी तसंच शेवटपर्यंत ठेवा. माझ्या शेजारच्या टेबलावरच्या मुलाचे 'एक अभ्यास' आणि 'चिकित्सक अभ्यास' यांच्या फरकात चार महिने गेले.

कोर्सवर्क 2020 च्या सुरुवातीला लागलं. संशोधन व प्रकाशन नीतिमत्तेचा दोन श्रेयांकांचा, तीस तासांचा पेपर नुकताच सक्तीचा झाला होता. अर्धे तास वर्गात झाले, बाकीचे टाळेबंदीत मोबाइलवर. त्याबद्दल जास्त काही लिहिण्यासारखं नाही.

सर्वेक्षणाबद्दल मात्र आहे. महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा 1967 चा. मान्यताप्राप्त ग्रंथालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग आणि वर्गाप्रमाणे अनुदान. मी 64 ग्रंथालयांना प्रश्नावली पाठवली, 41 परत आल्या. त्यांतल्या बऱ्याच इतक्या सारख्या भरलेल्या की एकाच बैठकीत लिहिल्यासारख्या. 'रोज किती वाचक येतात?' याला जवळजवळ सगळीकडे 'पन्नास ते साठ'. मग एसटीने स्वतः जायला लागले. एका 'ड' वर्गाच्या ग्रंथालयात, मारुतीच्या देवळाशेजारच्या खोलीत, काकांनी चहा मागवला आणि वाचकांच्या सह्यांची वही पुढे केली. आठवडाभर रोज पन्नासच्या वर सह्या, पण हस्ताक्षरं तीन. मी वहीकडे बघत राहिले. काका म्हणाले, "ताई, खरे वाचक आठ-दहाच आहेत. पेपरला येतात. तुम्ही लिहा खरं, पण गावाचं नाव नका लिहू."

नाव नाही लिहिलं. त्या दुपारनंतर मात्र पद्धत बदलली. वाचकांच्या आकड्याऐवजी देवघेवीची नोंदवही बघायची, पुस्तक किती दिवसांनी परत आलं ते बघायचं. खोटी देवघेव लिहायला कष्ट फार पडतात, त्यामुळे ती वही बरीचशी खरी असते. माझं अख्खं चौथं प्रकरण त्या चहावर उभं आहे.

प्रबंध सादर करण्याआधी एक शोधनिबंध छापून यायला हवा होता, आणि तो 'केअर' या यूजीसीच्या मान्य नियतकालिकांच्या यादीतल्या नियतकालिकात. ही यादी 2025 मध्ये यूजीसीने बंदच केली, पण आमच्या वेळी तिचा धाक होता. मराठीला जागा देणारी नियतकालिकं कमी, आणि त्यांच्याच नावांच्या हुबेहूब बनावट वेबसाइट. 'तीन दिवसांत स्वीकृती, अडीच हजार रुपये' अशी मेल मलाही आली होती. वाचवलं कुणी, तर माझ्याच पेशाने: छापील अंक मागवला, त्यावरचा आयएसएसएन (नियतकालिकाचा नोंदणी क्रमांक) आणि पत्ता वेबसाइटशी ताडून पाहिला. पत्ता वेगळा निघाला.

आता तो शून्य.

प्रबंध टाइप करून दिला होता आमच्याकडच्या एका डीटीपीवाल्याने. लग्नपत्रिका आणि निवडणुकीची पत्रकं करून हात बसलेला, काम स्वच्छ. पण फॉन्ट जुना, युनिकोडच्या आधीचा, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला सगळ्या संगणकांवर एकच ठरलेला क्रमांक मिळाला त्याआधीचा. पडद्यावर आपल्याला 'ग्रंथालय' दिसतं, पण संगणकाच्या पोटात तिथे रोमन अक्षरं आणि चित्रविचित्र चिन्हं साठवलेली असतात. फॉन्ट त्यांना फक्त देवनागरीचे कपडे घालतो. तपासणी करणाऱ्या सॉफ्टवेअरला कपडे दिसत नाहीत. त्याला 268 पानं निव्वळ कडबोळं दिसलं, आणि तसलं कडबोळं जगात दुसऱ्या कुणी लिहिलेलं नसल्यामुळे साम्य शून्य. खरं तर तोच रिपोर्ट जोडून मला पुढे जाता आलं असतं. विद्यापीठातले टेबलावरचे कारकून भाऊसाहेब तसं म्हणालेही, "मॅडम, शून्य आलंय ना, कशाला उकरताय?" माझ्या मॅडमनी मात्र ऐकलं नाही.

सगळा मजकूर कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये आणला. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी दिसते तशीच आधी टाइप होते, युनिकोडमध्ये ती व्यंजनानंतर साठवली जाते. जोडाक्षर आलं की कन्व्हर्टरचा तोल जातो. 'स्थिती'चं 'सि्थती' झालं, 'अस्तित्व'चं 'असि्तत्व', 'पुस्तिका'ची 'पुसि्तका'. ग्रंथालयावरच्या प्रबंधात पुस्तिका किती वेळा येते, विचारू नका. रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसले. रोज रात्री जेवणं आटोपल्यावर दहा पानं, कधी बारा. धाकटी शेजारी बसून पडद्यावर बोट ठेवायची, "आई, इथे पण चुकलंय." महिना गेला.

पुन्हा तपासणी. 23 टक्के!

साम्याबाबतच्या 2018 च्या यूजीसी नियमांत 10 टक्क्यांपर्यंत सूट आहे. 10 ते 40 मध्ये आलात तर दुरुस्त करून पुन्हा सादर करायचं, 60 च्या वर गेलात तर नोंदणीच रद्द. मी रिपोर्ट ओळीओळीने तपासला. काय काय धरलं होतं? 1967 च्या कायद्यातली जशीच्या तशी उद्धृत केलेली कलमं, संदर्भसूची आणि माझाच छापलेला शोधनिबंध. त्याच नियमांत लिहिलंय की संदर्भसूची, अनुक्रमणिका, ऋणनिर्देश, श्रेय देऊन घेतलेली अवतरणं आणि कायदे मोजायचे नाहीत, सलग 14 शब्दांपर्यंतचं योगायोगाचं साम्यही नाही. नियमाची छापील प्रत घेऊन गेले, त्या ओळींखाली पेन्सिलने रेघ मारून. भाऊसाहेबांनी वाचलं, आतल्या साहेबांना विचारून आले, वगळण्याचे पर्याय लावून पुन्हा तपासणी केली. स्वतःच्या निबंधासाठी मॅडमचं प्रमाणपत्र जोडलं. 8 टक्के. या वेळी पेढे मी सांगितले नाहीत, नवऱ्याने आपणहून आणले.

व्हायवा, म्हणजे तोंडी परीक्षा, 2024 मध्ये झाला. बाहेरच्या परीक्षकांनी एकच अडचणीचा प्रश्न विचारला: ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांच्या ग्रंथालयाच्या पाच सूत्रांपैकी तुमच्या ग्रंथालयांत सगळ्यात जास्त कोणतं मोडतं? मी म्हटलं, चौथं, वाचकाचा वेळ वाचवा. 41 पैकी 29 ठिकाणी पुस्तकांची तालिका नाही. पुस्तक आहे की नाही हे एकाच माणसाला माहीत, आणि तो शेतावर गेलेला असतो.

प्रबंध आता शोधगंगेवर, म्हणजे देशभरातले प्रबंध ठेवणाऱ्या वेबसाइटवर, आहे. विद्यापीठाने चढवल्याचं कळलं तसं मी शोधात 'ग्रंथालय' टाकलं. बाकीच्यांचे आले, माझा नाही. रोमनमध्ये तीन प्रकारे लिहून पाहिलं, तरी नाही. शेवटी आडनावावरून सापडला. नोंद करताना कुणीतरी शीर्षक रोमन लिपीत घातलंय आणि 'ग्रंथालयांचा' या शब्दातला एक 'ए' गाळलाय. दुरुस्तीचा अर्ज देऊन सात महिने झाले.

मागच्या आठवड्यात त्या देवळाशेजारच्या काकांचा फोन आला. नातवाने मोबाइल घेऊन दिलाय, प्रबंध बघायचाय म्हणाले. मी एकेक अक्षर सांगत होते, "जी, आर, ए, एन, टी, एच, ए, एल... आता 'ए' घालायचा नाही काका, एकदम वाय."

पलीकडे थोडा वेळ शांतता. मग काका म्हणाले, "ताई, छापील नाही का एखादी? एसटीत टाकून द्या, मी स्टँडवर येतो घ्यायला."