रबाळ्यातली एक व्हायब्रेशन टेस्ट

रबाळे एमआयडीसीतल्या आमच्या लॅबमध्ये एरवी गाड्यांचे हेडलॅम्प आणि रेल्वेचे पॅनल येतात. त्या दिवशी शेकरवर, म्हणजे वस्तू हादरवून तपासायच्या टेबलावर, मेथीचं बी भरलेला, जेवणाच्या डब्याएवढा पेलोड होता, म्हणजे रॉकेटमधून वर पाठवायचा प्रयोगाचा डबा. सोबत कॉलेजच्या मॅडम, त्यांची विद्यार्थिनी आणि परदेशी रॉकेटवर जागा मिळवून देणाऱ्या एजन्सीचे साहेब. 30 डिसेंबर 2024 च्या पीएसएलव्ही-सी60 वर इस्रोने चवळी उगवून दाखवली, पनवेलच्या ॲमिटी विद्यापीठाचा पालकाच्या पेशींचा प्रयोगही त्यातच गेला. आपल्याकडच्या कॉलेजांना हुरूप यायलाच हवा होता.

रँडम टेस्टचा, म्हणजे रॉकेटसारख्या वेड्यावाकड्या हादऱ्यांचा, घरघराट ऐकून पाहुणे दचकतात, पण खरी परीक्षा त्याच्या आधी आणि नंतर असते. अगदी हलका साइन स्वीप, म्हणजे 5 पासून 2000 हर्ट्झपर्यंत चढत जाणारा एकसुरी हादरा, आणि डबा कुठे थरारतो ते टिपायचं. रँडम झालं की पुन्हा तोच स्वीप. दोन्ही आलेख एकमेकांवर बसले पाहिजेत. झेड अक्षात बसेनात. 410 हर्ट्झचं टोक 350 च्या आसपास उतरलेलं. बाहेर ओरखडासुद्धा नाही. सेन्सर काढून नव्याने चिकटवला, तरी तेच. म्हणजे आत काहीतरी सैल झालेलं.

"अहो, 100 हर्ट्झच्या वर आहे ना? काही तुटलंय का? पास लिहा," साहेब म्हणाले. त्यांच्या अटींच्या कागदाप्रमाणे ते बरोबरच होतं. शेजारच्या उपग्रहाला इजा होणार नाही, एवढंच त्यात मागितलं होतं. आतला प्रयोग चालेल का, याला एक ओळसुद्धा नव्हती. विज्ञानासाठी म्हणून विकलेल्या जागेचा हा कागद!

मॅडमनी डबा उघडायला लावला. कॅमेऱ्याच्या ब्रॅकेटचा स्क्रू फिरला होता, तो हलला तर कळावं म्हणून त्याच्यावर ओढलेली लाल खूण मधोमध तुटलेली. वर कोंब फुटले असते आणि फोटो हललेले आले असते. थ्रेडलॉकर, म्हणजे स्क्रू फिरू न देणारा गोंद, पक्का व्हायला दिवस जातो, मग तिन्ही अक्षांत पुन्हा टेस्ट. डबा सोपवायची तारीख तेवढी थांबणार नव्हती. मॅडमनी तिथल्या तिथे जागा सोडली. त्यांच्या जागी तेवढ्याच वजनाचा ॲल्युमिनियमचा ठोकळा गेला.

खासगी रॉकेटांमुळे साध्या कॉलेजांनाही अंतराळ आवाक्यात येतंय, हे मी रोज बघतो आणि मला ते मनापासून हवंय. म्हणूनच फ्रिक्वेन्सी किती सरकली तर चालेल, ही अट कागदात घाला असं मी साहेबांना लिहून दिलंय. उत्तर आलेलं नाही. त्या मुलीचा एमएस्सीचा प्रोजेक्ट होता. तिने पासचा हट्ट धरला असता, तर तिला चूक म्हणायला माझी जीभ रेटली असती का, हे मला अजून ठरवता येत नाही.